सागाच्या पानातली अळंबी

१६ जुलै, बुधवार

पाय गेले कामातून. कर्जतजवळ कोंडाण्याच्या पायथ्याला निसर्ग मंडळाची ट्रिप होती — बारा पोरं, मी आणि लॅबातले शिपाई धाकलूमामा. मामांचं घर तिथलंच, त्यामुळे वाट दाखवायला तेच पुढे. बाटल्या, चिमटे, डबे सगळं त्यांच्याच खांद्यावर. पोरांना शेवाळ दाखवलं, नेचे दाखवले. आणि एका झाडाखाली कुजक्या पानांत पांढरी शुभ्र अळंबी! ताजी, दोन ओंजळी तरी होती.

मामा म्हणाले, "ही आमी नाय खात, म्याडम. आमची वारुळावरची असते."

मी फोटो काढला. फोनमधल्या ॲपने नाव सांगितलं आणि खाली हिरव्या अक्षरांत — खाण्यायोग्य. मामांना दाखवलं. ते म्हणाले, "तरी बी नाय खात." पोरं बघत होती. मी म्हणाले, "मामा, बायोलॉजीच्या लॅबात सतरा वर्षं काढलीत, आणि अजून ही अंधश्रद्धा?" पोरं हसली. मामाही हसले.

पोरं टेंपोत बसल्यावर मी अळंबीचे दोन वाटे केले, सागाच्या पानात. एक मला, एक त्यांना. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. एरवी दर पावसाळ्यात तेच मला आणून देतात — त्यांची बायको विमलबाई पहाटे वारुळावरून काढते. या वर्षी मी दिली, बरं वाटलं. उद्या विचारीन, कशी झाली भाजी. ही माझी सवयच आहे, कुणाला काही दिलं की दुसऱ्या दिवशी विचारायचं. मामाही सगळं सांगतात — तिखट किती पडलं, कोणी परत मागून घेतली.

घरी आले तर राकेशने कोंबडी आणलेली. सासूबाई म्हणाल्या, "तुझं ते पान फ्रिजात ठेव गं, उद्या बघू." ठेवलं.

१७ जुलै, गुरुवार

युनिट टेस्टचे पेपर, त्यात प्रिन्सिपल सरांची मीटिंग. दम नाही घेतला सकाळपासून. पहिल्या तासाआधी मामा टेबलाशी येऊन उभे. "म्याडम, ती —" मी मान वर न करता म्हणाले, "नंतर, मामा. आधी मायक्रोस्कोप काढा." दुपारी दिसले नाहीत. पोटात मुरडा आला म्हणून घरी गेले, असं ऑफिसातला हर्षद म्हणाला.

फ्रिजातलं पान तसंच राहिलं. आज भेंडी केली.

१८ जुलै, शुक्रवार

मामा आले नाहीत. त्यांची रिया माझ्याच बारावीच्या वर्गात आहे, पहिल्या बाकावर. ती म्हणाली, कालपासून उलट्या आणि जुलाब, गावच्या डॉक्टरने सलाईन लावलं. मी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं का? "नाही मॅडम. आणि आम्हाला कुणाला काही झालं नाही."

कुणाला काही झालं नाही, म्हणजे अळंबीचा प्रश्नच नाही. एका घरात एकच भाजी शिजते. पावसाळ्यात पाणी खराब असतंच. मी हे मनात दोन-तीनदा म्हटलं.

१९ जुलै, शनिवार

हे लिहायला नको वाटतंय. पण कुठेतरी ठेवायलाच हवं.

मामा आज कामावर आले. चेहरा ओढलेला, पण हसत होते. मला इतकं हायसं वाटलं की चहा मागवला दोघांना.

मग बारावीचा तास. प्रतिलेखन — डीएनएची नक्कल आरएनएमध्ये कशी होते. मी दर वर्षीचा माझा सातबारा काढला. मूळ दप्तर तलाठी ऑफिसात कुलपात असतं, तो डीएनए. तो पेशीच्या केंद्रकातून हलत नाही. आपल्याला लागतो तेवढ्याच गटाचा उतारा नक्कल करून मिळतो, तो आरएनए. नक्कल करणारा कारकून म्हणजे आरएनए पॉलिमरेज. तो डीएनएच्या दोन पट्ट्यांपैकी एकीवरून सरकत जातो आणि समोर जी दिसला की सी, ए दिसला की यू, असं एकेक अक्षर जोडत जातो. ती नक्कल केंद्रकाबाहेर जाते आणि तिच्यावरून प्रथिनं बनतात. नक्कल फार टिकत नाही. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत फाटते, मग नवी काढायची. इकडे सगळ्यांच्या घरी जमिनीचे व्यवहार चाललेत, पोरांना हे पटकन कळतं.

ऋतिकने मागून विचारलं, "मॅडम, कारकून संपावर गेला तर?" वर्ग हसला. मी खुशीत आले. हे उत्तर मला एम.एस्सी.पासून पाठ. म्हटलं, गंमत अशी की लगेच काहीच होत नाही. लोकांच्या खिशात जुन्या नकला असतात, त्यांच्यावर एक-दोन दिवस कामं निघतात. आधी जे काही दुखलं-खुपलं ते थांबतं, माणसाला वाटतं आपण बरे झालो. मग नकला संपतात आणि सगळं एकदम बंद पडतं. यकृताचं आधी, कारण ते विष सगळ्यात जास्त तिथेच शिरतं. म्हटलं, हो, असं विष आहे निसर्गात. कारकुनाचा हातच धरून ठेवतं. ते सापडतं काही जातींच्या —

आणि थांबले. पुढचा शब्द अळंबी होता.

रिया वहीत लिहीत होती. पुढचा शब्द घ्यायला तिने मान वर केली. मी म्हणाले, "काही वनस्पतींत. परीक्षेला नाही ते." तिने पेन खाली ठेवलं.

तास संपल्यावर लॅबात गेले. मामा बीकर धूत होते. "पोट साफ झालं, म्याडम. हलकं वाटतंय." बुधवारी रात्री खाल्लं. गुरुवारी उलट्या. आज शनिवार, आज बरं वाटतंय. मी उभी राहून बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "डॉक्टरला परत एकदा दाखवा हं." ते म्हणाले, "कशाला? बरा हाय मी." मी बरं म्हटलं आणि घरी आले. म्हणजे एवढंच बोलले मी. एवढंच!

घरी आल्यावर फ्रिजातलं पान काढून घंटागाडीत टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, चांगली होती की." फोनमधला फोटोही पुसला. का पुसला? कोणी विचारलंही नव्हतं.

स्टाफरूममध्ये मला 'कोट्यातल्या' म्हणतात, तोंडावर नाही, पाठीमागे. चौदा वर्षं मी एकही तास तयारीशिवाय घेतला नाही, तो यासाठीच. आता म्हणतील, बायोलॉजीच्या बाईंनी शिपायाला विष खाऊ घातलं. पण हे सगळं लिहून काय उपयोग. मी घाबरले, बाकी काही नाही.

२० जुलै, रविवार

सकाळी स्कूटर काढली. राकेशला सांगितलं, रियाला नोट्स द्यायच्यात. मामा ओट्यावर बसले होते. "या म्याडम," म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. डोळे हळदीसारखे पिवळे.

अंगणातूनच हर्षलाला फोन लावला. माझी जुनी विद्यार्थिनी, पनवेलच्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. म्हटलं, अळंबी खाल्लीय बुधवारी रात्री, मधे एक दिवस बरं वाटलं, आता कावीळ. ती एकदम गंभीर झाली. "लगेच आणा, मॅडम. अळंबी थोडी उरलीय का? निदान फोटो? नक्की कोणती ते कळलं असतं."

मी नाही म्हणाले.

"कालच आणायला हवं होतं," ती म्हणाली. मग, "पण तुम्हाला कसं सुचलं? आमच्याकडे सुद्धा आधी काविळीचंच औषध सुरू झालं असतं." मी म्हणाले, "कालच शिकवलं वर्गात." यात एक अक्षर खोटं नाही.

हॉस्पिटलात दुसऱ्या डॉक्टरांनी मामांना विचारलं, अळंबी आणली कोणी? मी दारात उभी होते. मामा भिंतीकडे बघत म्हणाले, "मीच आणली व्हती. चुकी झाली." विमलबाई कपाळावर हात मारून घेत होती. "सांगायचं तरी! मला न्हाय का सांगायचं!" तिला वाटलं, तिच्या नवऱ्याला एवढी साधी अळंबी ओळखता आली नाही.

मी दारातच उभी राहिले.

२२ जुलै

आयसीयू. लिव्हरचे आकडे चढतायत. हर्षला फोनवर आता फक्त आकडे सांगते.

२४ जुलै, गुरुवार

स्टाफरूममध्ये हाच विषय. फिजिक्सचे साईनाथ सर म्हणाले, "डोंगरातली माणसं ही. दिसेल ते तोडायचं आणि शिजवायचं. एवढी वर्षं कॉलेजात राहून काय शिकला?" बाकीच्यांनी माना हलवल्या. मी चहा प्यायले. पूर्ण कप संपवला.

दुपारी जिन्यात समिधाने गाठलं. ट्रिपला होती ती. "मॅडम, तीच का हो अळंबी? आपण बघितलेली?"

"नाही गं. ती वेगळी."

तिला लगेच पटलं. मॅडम म्हणतायत म्हटल्यावर पटलं! जिना उतरून गेली सुद्धा.

मी मामांना अंधश्रद्धा म्हणाले होते. ते पिढ्यान्‌पिढ्या बघून ठरवलेलं सांगत होते, आणि मी फोनमधली दोन हिरवी अक्षरं सांगत होते. अंधश्रद्धा कोणाची होती?

२६ जुलै

रिया वर्गात येत नाहीये. पहिला बाक रिकामा. शिकवताना मी खिडकीकडे बघून शिकवते.

२७ जुलै, रविवार

हॉस्पिटलात गेले. काचेतून दिसले मामा. पोट फुगलेलं, हात काळेनिळे, सुया टोचून टोचून. रिया बाकावर पुस्तक उघडून बसली होती, तोच धडा. मला म्हणाली, "मॅडम, ते विष होतं ना, कारकुनाचा हात धरणारं, हर्षलामॅडम म्हणाल्या बाबांना तेच झालंय. तुम्ही म्हणालात परीक्षेला नाही, मी लिहिलंच नाही." मग विचारलं, "हात सोडतं का ते नंतर?"

मी तिला सांगितलं ते खरंच सांगितलं. विष हळूहळू अंगाबाहेर जातं. ज्या पेशी तोवर तगल्या त्यांचे कारकून परत कामाला लागतात, आणि यकृत असा अवयव आहे की थोडं शिल्लक असलं तरी वाढतं. पण किती शिल्लक आहे ते आज कोणालाच माहीत नाही. तिने हे मात्र वहीत लिहून घेतलं.

निघताना तिला सांगणार होते. खरंच सांगणार होते. तेवढ्यात विमलबाई पाणी घेऊन आली.

३० जुलै

आकडे उतरायला लागले. हर्षला हसली फोनवर. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मामा वाचले म्हणून की मी वाचले म्हणून, ते नाही कळलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी दारात विमलबाई. कर्जतला सामानाला आली होती, तिथून नेरळला खास आमच्याकडे. आत यायच्या आधी वाकली, मी मागे सरले तर उंबऱ्यालाच हात लावला तिने.

"डाक्टरीण बोलली आमाला. म्याडमचा फोन नसता आला तर मानूस हातचा गेला असता. देवासारक्या आलात बगा."

सासूबाई कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. राकेशसुद्धा.

तिने पिशवीतून सागाचं पान काढलं. अळंबी! "ही आपली हाय, वारुळावरची. म्याच काडली सकाळी. डोळे झाकून खावा."

सासूबाईंनी लगेच चिरायला घेतली. कांदा, ओलं खोबरं घालून केली. विमलबाई समोर बसून बघत होती. मी खाल्ली. दोनदा वाढून घेतली, तिने आग्रह केला म्हणून. आणि जाताना ती हसत म्हणाली, "आता उद्या फोन करून मीच इचारते, कशी झाली."

सवय आमच्यात चांगली रुजलीय, एवढंच वाटलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

प्रिन्सिपल सरांनी बोलावलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर माझा सत्कार! शाल, श्रीफळ, सन्मानपत्र. "वर्गातलं ज्ञान जगण्यात उतरवणाऱ्या शिक्षिका," मजकूर त्यांनी स्वतः लिहिलाय. मी म्हणाले, नको सर. "हाच तुमचा मोठेपणा," म्हणाले. मी अजून एकदा नको म्हणाले. दोनदाच. तिसऱ्यांदा नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

पौर्णिमा. माझ्या नावाचा दिवस म्हणून सासूबाई दर वेळी हौसेने विहारात नेतात. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास चालू आहे, गर्दी होती. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझे ओठ हलले पण आवाज निघाला नाही. सासूबाईंचा खणखणीत निघाला. घरी येताना म्हणाल्या, "घसा बसलाय का गं?" हो म्हणाले. हे अजून एक.

१२ ऑगस्ट

मामांना काल घरी सोडलं. मी भेटायला गेले नाही. पेपर तपासायचे होते. पेपर नव्हते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

रात्रभर ठरवलं होतं. माईक हातात आला की सांगायचं — अळंबी मी दिली, मामांनी नको म्हटलं होतं. तीन वाक्यं. आरशासमोर म्हणून बघितली, जमली.

मैदानात पहिल्या रांगेत खुर्ची टाकून मामांना बसवलं होतं. अर्धे झालेत. या उकाड्यात स्वेटर. शेजारी विमलबाई नव्या साडीत, मागे रिया. साईनाथ सरांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. "आमच्या मॅडम," म्हणाले माईकवर. आमच्या! चौदा वर्षांत पहिल्यांदा.

माईक हातात आला. मी आरएनए पॉलिमरेजबद्दल बोलले. सातबाऱ्याचं उदाहरण दिलं. लोकांना फार आवडलं, सरपंच सुद्धा मान डोलावत होते. शेवटी म्हणाले, अनोळखी अळंबी खाऊ नका, जाणत्यांना विचारा. टाळ्या पडल्या. मामाही टाळ्या वाजवत होते, दोन्ही हात वर धरून.

घरी सासूबाईंनी शाल सगळ्या बिल्डिंगला दाखवली. मला स्वतःची शिसारी आली आज.

१८ ऑगस्ट, सोमवार

प्रिन्सिपल सरांना पत्र दिलं. एक पान, सगळं लिहिलं. अळंबी, ॲप, ते शनिवारचं गप्प बसणं, घंटागाडी. ते उभ्यानेच वाचत होते, मग खाली बसले. दार लावून घेतलं.

"मॅडम, माणूस वाचला ना? मग? बातमी छापून आलीय. संस्थेच्या अध्यक्षांनी फोन केला मला. आता हे कशाला?"

म्हटलं, सर, मामांच्या नावावर आहे ते सगळं. अडाणी म्हणतात त्यांना.

"त्यांची काही तक्रार आहे का? नाही ना? मग झालं." पत्राची घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकली. "तुमची तब्येत बरी दिसत नाही. दोन दिवस रजा घ्या."

रजा मंजूर झाली ताबडतोब. राकेशला सगळं सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "सरांना कशाला? ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलंस का?"

२० ऑगस्ट, बुधवार

कोंडाण्याला गेले. मामा एकटेच ओट्यावर होते. बसले आणि सगळं सांगितलं, शनिवारचं सुद्धा. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"ती खायची नाय, ते मला तवाच म्हाईत व्हतं, म्याडम. म्हून तर पोरांना नाय दिली, हिला बी नाय. मीच चुलीवर वेगळी केली, थोडीशी."

मी विचारलं, माहीत होतं तर तुम्ही का खाल्लीत?

ते ओशाळून हसले. "तुमी दुसऱ्या दिवशी इचारता ना, कशी झाली म्हून. तुमाला खोटं कसं सांगू?"

त्या गुरुवारी सकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे होते. मी म्हणाले होते, नंतर.